ग्रंथालयाचा तास आणि महाजालाची वाट



वसंत ऋतूत सायंकाळी एकत्र जमून व्याख्याने ऐकण्याची आपली रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातील अनेक गावांनी तिचा कित्ता गिरवला. अशा व्यासपीठावर संतवाङ्मय, अर्थकारण, परराष्ट्रनीती असे भारदस्त विषय शोभतात. तेथे आम्ही 'शाळेतील ग्रंथालयाचा तास' हा विषय घेऊन उभे राहिलेले पाहून एका स्नेह्यांनी आम्हांस दारातच गाठले व म्हणाले, "अहो, त्या तासाला होते तरी काय? पोरे पुस्तके चाळतात आणि गुरुजी वह्या तपासतात." स्नेह्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे खरे आहे म्हणूनच आज त्यावर बोलावयाचे आहे.

प्रथम 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगितले पाहिजे. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य घालवून निवृत्त झालेला हा वक्ता, आणि जालना जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतील काही शिक्षक-शिक्षिका, अशी ही छोटी मंडळी आहे. ग्रंथालयाच्या तासाला शिक्षकांस उपयोगी पडेल अशी एक मार्गदर्शिका महाजालावर, म्हणजे आपण ज्यास इंटरनेट म्हणतो त्यावर, तयार करावी असे आम्ही योजिले. ते काम करताना आम्ही काय चुकलो आणि काय शिकलो, एवढेच आज सांगणार आहोत.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे सांगितले आहे. कायदा चांगला आहे. परंतु खेड्यातील प्राथमिक शाळेत ग्रंथालय म्हणजे बहुधा एक लोखंडी कपाट असते. त्या शाळेत ग्रंथपाल नसतो. चौथीला गणित शिकविणाऱ्या बाईच ते कपाट सांभाळतात. पुस्तक हरवले तर दाखल नोंदवहीत काय लिहावे या धास्तीने किल्ली पदराला बांधली जाते. मग तास वेळापत्रकावर राहतो आणि पुस्तके कपाटात राहतात. यात त्या बाईंचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. ज्याचा हिशेब मागितला जातो ते माणूस जपतो. हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब सारे मागतात. न वाचल्या गेलेल्या पुस्तकाचा हिशेब कोणी मागत नाही.

वस्तुतः ग्रंथालयाचा तास हा नुसत्या वाचनाचा तास नव्हे. तो शोधण्याचे शिक्षण देणारा तास आहे. तिसरीच्या मुलाने पुस्तकाच्या वेष्टनावर लेखकाचे नाव कोठे असते ते पाहावे. पाचवीत त्याने अनुक्रमणिकेवरून पान काढावे. सहावीत शब्दकोश उघडावा, सातवीत विश्वकोश, आणि आठवीत दोन पुस्तके एकाच गोष्टीविषयी दोन तऱ्हांनी का सांगतात असा प्रश्न त्यास पडावा. एवढे ज्या मुलास साधले त्यास पुढे कोणी शिक्षक भेटला नाही तरी तो शिकत राहील. आणि ज्यास हे साधले नाही त्याच्या हाती साऱ्या जगाची माहिती दिली, तरी तो पहिल्या पानावर जे दिसेल ते खरे धरून मोकळा होईल.

आता महाजालाकडे वळू. परंतु त्यापूर्वी आपणांस थोडे मागे नेतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. त्या व्यवस्थेत फिरती ग्रंथालये होती. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या खेड्यांत पाठवीत आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च संस्थान सोशीत असे. या पेट्यांची गोष्ट ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगताना पेटी किती दूर गेली हेच आपण सांगतो. ती भरणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. बडोद्याचे मोठे ग्रंथालय जसेच्या तसे एखाद्या खेड्यात आणून ओतले असते तर तेथील माणूस गांगरून गेला असता. पेटीत मोजकी पुस्तके असत आणि ती कोणीतरी निवडलेली असत. त्या निवडीत पेटीचा सारा उपयोग होता.

महाजालाने आज काय केले आहे? जगातले मोठ्यात मोठे ग्रंथालय प्रत्येकाच्या खिशात आणून ओतले आहे. पेटी भरणारा माणूस मात्र मध्येच कोठे तरी नाहीसा झाला. आमचे काम ते त्याच्या जागी बसण्याचे.

पण बसताना आम्ही प्रथम चुकलो. उत्साहाच्या भरात आम्ही दुवे गोळा केले. कोणी गोष्टींचे स्थळ आणले, कोणी चित्रांचे, कोणी चलचित्रांचे. शंभराहून अधिक दुव्यांची एक यादी झाली, ती आम्ही मोठ्या अभिमानाने शिक्षकांच्या एका बैठकीत वाचून दाखविली. मागच्या बाकावरून परतूर तालुक्यातील एक शिक्षिका उठल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "सर, यादी छानच आहे. पण उद्या तिसऱ्या तासाला सहावीवर जायचंय, चाळीस मिनिटं आहेत. यातलं मी कोणतं उघडू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही ग्रंथालय आणून ओतले होते, पेटी भरली नव्हती. ती यादी आम्ही बाजूस ठेवली आणि नव्याने आरंभ केला. या वेळी आम्ही स्थळांपासून न निघता मुलांच्या प्रश्नांपासून निघालो.

त्याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही आपल्या जिल्ह्यातील आहेत.

सातवीच्या मुलांस 'आपला जिल्हा' शोधावयास सांगितले. मुलाने 'जालना जिल्हा गॅझेटियर' असे शब्द शोधयंत्रात घातले. जुन्या गॅझेटियरांत त्या नावाचा ग्रंथ त्यास मिळाला नाही. मूल हिरमुसले आणि कोणीतरी कोठेतरी लिहिलेली चार वाक्ये उतरवून मोकळे झाले. वस्तुतः माहिती भरपूर आहे, पण ती दुसऱ्या नावाखाली निजलेली आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि परतूर परभणी जिल्ह्यात होता. परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर १९६७ चे आणि औरंगाबादचे सुधारलेले गॅझेटियर १९७७ चे. तेव्हा आपली माहिती त्या दोन ग्रंथांत पाहावयास हवी. त्यात औरंगाबादचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा नवे नाव घालून शोधणाऱ्यास जुना ग्रंथ सापडणे आणखी कठीण. हे ग्रंथ शासनाच्या गॅझेटियर विभागाने महाजालावर आणून ठेवले आहेत. ते आहेत इंग्रजीत. म्हणून आमच्या मार्गदर्शिकेत आम्ही नुसता दुवा दिला नाही. कोणत्या ग्रंथाचे कोणते प्रकरण पाहावे ते सांगितले आणि त्याचा गोषवारा सोप्या मराठीत लिहिला. शिक्षकाने मुलांस विचारावयाचा प्रश्नही खाली दिला: "तुमचे गाव १९८० साली कोणत्या जिल्ह्यात होते? घरातल्या वडील माणसांस विचारून या." आजोबांकडे जुना सातबारा असतो, शाळा सोडल्याचा दाखला असतो. एका तासात मुलास कळते की नावे बदलतात, ग्रंथ बदलत नाहीत आणि शोधणाऱ्याने दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

दुसरे उदाहरण असईचे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांचे सैन्य आणि आर्थर वेल्स्ली यांची लढाई झाली. पुढे हाच वेल्स्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व त्याने वॉटर्लूवर नेपोलियनचा पराभव केला, त्यामुळे असईवर इंग्रजीत विपुल लेखन आहे. परंतु मुलाने 'असई' असे मराठीत घातले तर हाती फार थोडे लागते. आणि इंग्रजीत ऐकू येते तसे लिहिले तरी चुकते, कारण इंग्रजांनी त्या नावात दोन एस घालून शेवटी वाय आणि ई लिहिला आहे. जालना हे नावही त्यांच्या जुन्या कागदांत 'जौलना' असे येते. ज्यास हे ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने आपल्या गावाचा इतिहास जगात नाहीच. म्हणून आमच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक स्थानिक विषयाजवळ 'या नावांनीही शोधा' अशी एक ओळ आहे. ती ओळ लिहिण्यास आम्हांस सर्वांत अधिक वेळ लागला आणि शिक्षक म्हणतात की तिचाच उपयोग सर्वांत अधिक होतो.

आता कोणती साधने घेतली ते सांगतो. मराठीत काही नाही असे म्हणण्याची आपल्याकडे एक सवय आहे. ती सोडली पाहिजे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस बसून ज्याची उभारणी केली आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज महाजालावर कोणासही विनामूल्य वाचता येतो. डॉक्टर केतकरांचा ज्ञानकोशही तेथे आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, तो शिकागो विद्यापीठाने शोधता येईल अशा रूपात ठेवला आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात, आणि त्यांवर जी काळी-पांढरी चौकटीची खूण छापलेली असते ती फोनला दाखविली की दीक्षा या शासकीय व्यवस्थेतील पूरक साहित्य उघडते. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक पाहावयास मिळतात. स्टोरीवीव्हर या स्थळावर मराठी गोष्टींची चित्रमय पुस्तके वाचनाच्या पायरीप्रमाणे लावलेली आहेत व ती छापून वाटण्यासही मुभा आहे. अरविंद गुप्ता यांच्या स्थळावर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याची कृती आणि शेकडो पुस्तके आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे.

परंतु नुसती नावे सांगून भागत नाही, हे त्या शिक्षिकेने आम्हांस शिकविले होते. विश्वकोशाची भाषा सातवीच्या मुलास जड जाते; तेव्हा कोणता परिच्छेद शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावा ते लिहावे लागते. 'किशोर'चे अंक सबंध आहेत. तेव्हा वर्ष, महिना आणि पान दिल्यावाचून चाळीस मिनिटांत त्यांतले काही हाती लागत नाही. गोष्टींच्या भाषांतरांत काही सरस, काही नीरस. ती आधी वाचून पाहावी लागतात. विकिपीडियात चूक असू शकते, आणि त्यासाठीच आठवीस तो उत्तम पाठ आहे. कारण प्रत्येक लेखात केव्हा आणि काय बदलले याचा इतिहास तेथे उघडा ठेवलेला असतो. छापील पुस्तक आपली खाडाखोड दाखवीत नाही.

शब्दकोशाच्या बाबतीत तर आम्ही उलट दिशेने गेलो. महाजालावर शब्द घातला की अर्थ येतो. सोय मोठी, पण शब्दाची एक वेलांटी चुकली की काहीच येत नाही, किंवा भलतेच येते. छापील कोशात शब्द नेमका सापडला नाही तरी शेजारचे दहा शब्द डोळ्यांखालून जातात. शिवाय क्ष आणि ज्ञ कोठे शोधावे? काही कोशांत ते क आणि ज यांच्या पोटात असतात, काहींत वर्णमालेच्या अखेरीस. कोश उघडण्यापूर्वी त्याची रीत पाहावी लागते, आणि ही रीत पाहण्याची सवय पुढे रेल्वेच्या वेळापत्रकापासून कायद्याच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे कामास येते. म्हणून सहावीच्या शब्दकोशाच्या पाठात आमची सूचना अशी आहे की आधी कपाटातला कोश, मग महाजालावरचा. आणि दोन्हींत काय निराळे दिसले ते मुलांनी फळ्यावर लिहावे.

यावरून आमचा एक नियम तयार झाला, तो आपल्या ध्यानात राहिला तर आजच्या व्याख्यानाचे सार्थक होईल. मार्गदर्शिकेतील प्रत्येक दुव्याजवळ कपाटातील निदान एका पुस्तकाचे नाव असलेच पाहिजे. खेळणी करून झाली की विज्ञानाचे पुस्तक, गोष्ट ऐकून झाली की गोष्टीचे पुस्तक. जो दुवा मुलास कपाटाकडे परत आणीत नाही तो कितीही सुंदर असो, आम्ही तो ग्रंथालयाच्या तासासाठी घेत नाही. दुसऱ्या तासास तो खुशाल घ्यावा.

आमच्या प्रत्येक नोंदीत सात गोष्टी असतात: इयत्ता, मुलांचा प्रश्न, कोठे व कोणत्या पानावर पाहावे, किती मिनिटे लागतील, जोडीचे पुस्तक, ते उतरवून ठेवता येते की नाही, आणि कोणी व कोणत्या तारखेस तपासले. सारे मिळून फोनच्या पडद्यावर एका दृष्टिक्षेपात मावले पाहिजे. ज्यास दोनदा बोट फिरवावे लागते ते शिक्षक वाचीत नाही, आणि त्याने का वाचावे? ग्रंथालयशास्त्राचे आपले आद्य आचार्य डॉक्टर रंगनाथन यांनी १९३१ साली जी पाच सूत्रे मांडली त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्यास एक संपूर्ण सूत्र दिले आहे. शिक्षक हाही वाचकच होय, आणि त्याच्याजवळ वेळ सर्वांत थोडा असतो.

दोन पथ्ये आम्ही कटाक्षाने पाळतो. एक हक्काचे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या पुस्तकावरील हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, तेव्हा २०११ पासून त्यांची पुस्तके सर्वांची झाली. ती आम्ही आनंदाने देतो. पण हयात लेखकाचे पुस्तक कोणी फोनवरून फोनवर फिरविले म्हणून ते आमच्या यादीत येत नाही. मुलांस ग्रंथप्रेम शिकवावयाचे आणि ग्रंथकाराचे पोट मारावयाचे, हे एका तासात बसत नाही. दुसरे पथ्य मुलांच्या माहितीचे. जे स्थळ मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा घरचा फोन नंबर मागते त्याचा दुवा आम्ही घेत नाही.

येथे कोणी विचारील की, आता तर यंत्रास प्रश्न विचारला की ते अस्खलित मराठीत उत्तर देते. मग ही खटपट कशास? आम्हीही ते यंत्र वापरून पाहिले आहे. ते पुष्कळदा बरोबर सांगते, कधी धडधडीत चुकीचे सांगते, आणि दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने सांगते. मुलाने त्यास विचारू नये असे आम्ही म्हणणार नाही, ते विचारणारच. पण उत्तर मिळाल्यावर "हे कोठून?" असे विचारण्याची जीभ त्याच्या तोंडी असावी. ती जीभ ग्रंथालयाच्या तासात फुटते. पूर्वी हा तास उपयोगी होता. आता तो अपरिहार्य झाला आहे.

आतापर्यंत आम्ही फोन, पडदा, दुवा असे बोलत आलो. परंतु आपल्या जिल्ह्याचे चित्र एवढेच नाही. दिवाळीनंतर आपल्या अनेक गावांतली कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. काही मुले हंगामी वसतिगृहांत राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. अशा मुलांस या मार्गदर्शिकेचा फार उपयोग होईल असे आम्ही समजत होतो. एका शाळेत पाचवीतील अशी एक मुलगी होती. निघण्याच्या आदल्या दिवशी तिच्या बाईंनी स्टोरीवीव्हरवरच्या दहा गोष्टी उतरवून तिच्या वडिलांच्या फोनवर ठेवल्या. आम्हांस धन्य वाटले. मुलगी मात्र दाराशी उभीच. बाईंनी विचारले, "काय गं?" ती म्हणाली, "बाई, फोन दिवसभर दादांबरोबर फडात असतो. रात्री आला की चार्जिंग नसतं. ते हत्तीचं पुस्तक द्या ना."

पुस्तक दाखल नोंदवहीतले. मुलगी पाच महिन्यांसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. बाईंनी क्षणभर विचार केला आणि हत्तीच्या पुस्तकाबरोबर आणखी दोन पुस्तके दिली, आणि वहीत तिची सही घेतली. पाडव्यानंतर तिन्ही पुस्तके परत आली. एकाच्या वेष्टनास चुलीचा धूर लागला होता आणि मधल्या दोन पानांवर तेलाचे बोट उमटले होते. पुढे एका तपासणीत ती पाने पाहून कोणी विचारणा केली, तेव्हा बाईंनी उत्तर दिले, "पुस्तक वाचलं गेलंय, त्याची ती खूण आहे."

त्या मुलीने आमची मार्गदर्शिका दुरुस्त केली, असे आम्ही मानतो. तेव्हापासून आम्ही तिची छापील प्रत काढतो, एका पाठास एक कागद. ज्या शाळेत जाळे पोहोचत नाही तेथे साहित्य पेनड्राइव्हवर देतो. आणि पहिल्याच पानावर एक सूचना लिहिली आहे: कपाट उघडे ठेवावे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो तुम्हां नागरिकांशी संबंधित आहे. मार्गदर्शिका एकदा करून संपत नाही. एका वर्गात शिक्षकाने आमचा दुवा उघडला. ज्या संस्थेने ते स्थळ चालविले होते तिने ते सोडून दिले असावे. त्या पत्त्यावर दुसऱ्याच कोणी जुगाराची जाहिरात मांडली होती. तीस मुलांसमोर ती झळकली. शिक्षकाची किती अवघड स्थिती झाली असेल याची कल्पना करा. दोष आमचा होता. आम्ही तो दुवा दीड वर्ष तपासला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक सत्राच्या आरंभी सारे दुवे माणसाने उघडून पाहावयाचे असे ठरले आहे. या कामास पैसा थोडा लागतो, माणसे लागतात. निवृत्त शिक्षक, बँकेतली मंडळी, महाविद्यालयातील मुले-मुली, ज्यांस आठवड्यातून एक तास देता येईल त्यांनी दहा-दहा दुवे सांभाळावे, एवढीच मागणी आहे.

आणि याहून मोठी एक मागणी आहे. मार्गदर्शिका करताना आम्हांस सर्वांत जास्त रिकामा कोपरा आढळला तो आपल्याच जिल्ह्याचा. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपास दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावाचे नाव आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून तेथे उत्खनन केले. तेथे मिळालेली हस्तिदंती मूर्ती, इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी साम्य असणारी आहे. म्हणजे एके काळी आपले एक गाव जगाच्या व्यापाराच्या वाटेवर होते. यावर विद्वानांचे ग्रंथ आहेत, पण पाचवीच्या मुलास वाचता येईल असे एक पानही आम्हांस मराठीत सापडले नाही. जे आपल्यास सापडत नाही ते आपणच लिहावयास हवे. आपल्या मोसंबीच्या बागा, बियाण्यांचा धंदा, लोखंडाच्या भट्ट्या, कुंडलिकेचे पूर यांविषयी ज्यांस खरी माहिती आहे त्यांनी मुलांसाठी दोन पाने लिहून द्यावी. आम्ही ती तपासू आणि आपल्या नावानिशी ठेवू.

लिहिणार कसे, असा संकोच कोणी करू नये. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच लेखनाची रीत सांगितली आहे. अक्षर पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत सारखे असावे, समास सोडावा, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांनी मोठ्या आस्थेने सांगितल्या. परमार्थाच्या ग्रंथात शाई-कागदाची एवढी काळजी कशासाठी? कारण ते लिहीत होते ते दुसऱ्याने वाचावे म्हणून. पुढचा वाचक कोण, कोठला, किती शिकलेला, हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. त्याची सोय मात्र आधीच करून ठेवावयाची असते. आमच्या या लहानशा मार्गदर्शिकेचे काम त्याच जातीचे आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले, नातवंडे शाळेत जातात. उद्या सकाळी त्यांस एकच विचारा: "तुमच्या शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि ते शेवटचे कधी उघडले?" उत्तर ऐकून आपणांस वाटले तर आमच्याकडे या; नाही वाटले तरी शाळेत एकदा जाऊन या. पेटी भरण्यास आम्ही तयार आहोत. ती उघडणारे हात गावाचे हवेत.